‘संधी’ म्हणणाऱ्याने हिशेब द्यावा

विज्ञान आणि अभियांत्रिकीतील पीएच.डी.नंतरच्या संशोधनाच्या जागांवरून, म्हणजे रूढ भाषेत पोस्टडॉकच्या जागांवरून, अधूनमधून जो वाद पेटतो त्यातली दोन्ही बाजूंची भाषणे आता ऐकणाऱ्यालाही पाठ झाली आहेत. एखादे तंत्रज्ञान विद्यापीठ जाहिरात काढते: मुदत दोन वर्षे, पुढे वाढण्याची शक्यता, विषय मार्गदर्शकाच्या चालू प्रकल्पातला, पात्रता पीएच.डी. आणि चांगले शोधनिबंध. मथळ्यात ‘उत्तम संधी’ हे शब्द हमखास असतात. त्यावर एक पक्ष म्हणतो की ही संधी नसून उच्चशिक्षितांची स्वस्त मजुरी आहे आणि ही पदेच बंद करावीत. दुसरा म्हणतो की विज्ञान हे व्रत आहे, ज्याला पगाराची आणि कायम नोकरीची घाई आहे त्याने या वाटेला येऊच नये. पहिला पक्ष चांगल्या-वाईट सगळ्या जागांना एकाच मापाने मोजतो. दुसरा पक्ष या वाटेने जाऊन नोबेलपर्यंत पोहोचलेल्या मोजक्या नावांवर सगळी व्यवस्था पेलू पाहतो. नदी पोहून पलीकडे गेलेल्यांनाच पाणी किती खोल होते हे विचारले, तर उत्तर काय येणार?

माझे म्हणणे असे आहे की पोस्टडॉक ही संधी आहे की पिळवणूक, हा प्रश्न असा सरसकट विचारता येत नाही, कारण त्या एका नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी दिल्या जातात. त्यांपैकी कोणती आपल्या पुढ्यात आली आहे हे ओळखण्याची माहिती देणाऱ्याकडे असते, घेणाऱ्याकडे नसते, आणि सगळ्या तंट्याचे मूळ मला या विषमतेत दिसते. म्हणून जे विद्यापीठ आपल्या जाहिरातीत ‘संधी’ हा शब्द छापते, त्यानेच तो सिद्ध करावा. त्या प्रयोगशाळेत किंवा विभागात गेल्या दहा वर्षांत अशा पदांवर किती माणसे आली, प्रत्येक जण किती काळ राहिला आणि तिथून कुठे गेला, हे जाहिरातीसोबत सांगावे. पगारवाढ, मुदतमर्यादा, कायम पदे हे सगळे महत्त्वाचे आहे आणि त्यांच्याकडे मी येणारच आहे. पण या हिशेबाशिवाय ते सगळे अंधारात चाचपडण्यासारखे होते.

मराठीत या अवस्थेसाठी एक जुना शब्द आहे, उमेदवारी. आज तो निवडणुकीपुरता उरला असला, तरी पूर्वी कचेरीत विनापगार किंवा नाममात्र पगारावर बसून, जागा रिकामी होईपर्यंत काम शिकणाऱ्याला उमेदवार म्हणत. शब्द फारसीतून आला आणि त्याचा मूळ अर्थच ‘आशेवर असलेला’ असा आहे. ज्याने तो प्रथम कचेरीत वापरला त्याला व्यवस्थेचे मर्म नेमके कळले होते, असे मला नेहमी वाटते. उमेदवारीत अन्याय आहे असे कोणी सहसा म्हणत नसे, कारण कोणती जागा रिकामी होणार आहे आणि तिच्यासाठी किती जण बसले आहेत, हे एका खोलीत बसलेल्या सर्वांना दिसत असे. आजचा पोस्टडॉक ज्या जागेच्या आशेवर असतो ती बहुधा दुसऱ्या शहरात, दुसऱ्या देशात असते, आणि तिच्यासाठी आणखी कितीजण बसले आहेत हे त्याला दिसत नाही.

दोन वेगळ्या गोष्टींना एक नाव कसे पडले, हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १९१९ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च काउन्सिलने रॉकफेलर फाउंडेशनच्या पैशातून भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्रातील फेलोशिप सुरू केल्या. पाच वर्षांसाठी पाच लाख डॉलर एवढा तो निधी होता. त्याआधी हा पैसा एखादी मोठी मध्यवर्ती संशोधनसंस्था उभारण्यात घालावा काय, अशी चर्चा झाली होती. शेवटी ठरले ते असे की इमारतीत न घालता तो नुकतीच डॉक्टरेट झालेल्या तरुण माणसांच्या हाती द्यावा. फेलोशिप व्यक्तीला मिळत असे, त्यामुळे कोणाकडे जायचे आणि काय करायचे याबद्दल तिच्या शब्दाला वजन असे. भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट ओपेनहायमर १९२७-२८ मध्ये असाच फेलो होता आणि त्या एका वर्षात हार्वर्ड व कॅलटेक या दोन्ही ठिकाणी राहिला. रॉकफेलरच्याच दुसऱ्या एका मंडळाच्या फेलोशिपवर वेर्नर हायझेनबर्ग १९२४ मध्ये कोपनहेगनला नील्स बोर यांच्याकडे गेला. दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटले. सरकारी पैसा प्रचंड प्रमाणात विज्ञानात आला, पण तो आला प्रकल्पांच्या रूपाने. प्रकल्पाचे अनुदान प्राध्यापकाच्या नावावर असते. त्यातून उपकरणे घेतली जातात, रसायने घेतली जातात आणि पोस्टडॉकही नेमला जातो. पैसा ज्याच्या नावावर, प्रश्नही त्याचा. कोणाच्या दुष्टाव्याने हे झाले नाही, हिशेबाचे खाते बदलले आणि नाते बदलले. अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसने १९६९ मध्ये पोस्टडॉकांवर अहवाल काढला तेव्हा त्याला ‘अदृश्य विद्यापीठ’ असे नाव द्यावे लागले, कारण विद्यापीठांत हजारोंनी वावरणारी ही माणसे विद्यार्थ्यांच्या पटावरही नव्हती आणि शिक्षकांच्या पटावरही नव्हती. पटावरच नसलेल्या माणसाचे पुढे काय झाले, याची नोंद कोण ठेवणार?

फेलोशिप आणि प्रकल्पातली नेमणूक हा फरक एकदा ध्यानात आला की वादातले पुष्कळसे मुद्दे आपोआप आपापल्या जागी बसतात. व्रताची भाषा करणारे ज्यांची उदाहरणे देतात ते बहुतेक पहिल्या प्रकारचे लोक आहेत, आणि मजुरीची भाषा करणारे ज्यांच्याविषयी बोलतात ते दुसऱ्या प्रकारचे. पहिल्या प्रकारातही एक गोष्ट विसरली जाते. सत्येंद्रनाथ बोस यांनी १९२४ मध्ये आपला निबंध आइन्स्टाइनला पाठवला, तो जर्मनमध्ये प्रसिद्ध झाला आणि पाठोपाठ बोस पॅरिसला व नंतर बर्लिनला गेले. पॅरिसमध्ये ते मोरिस द ब्रॉग्ली यांच्या क्ष-किरण प्रयोगशाळेत राहिले, मारी क्यूरींच्याही प्रयोगशाळेत त्यांनी काम केले. त्यांच्याकडे डॉक्टरेट नव्हती, तेव्हा काटेकोर अर्थाने त्यांना पोस्टडॉक म्हणता येणार नाही. पण परक्या प्रयोगशाळेत जाऊन नवे तंत्र शिकणे हे त्या प्रवासाचे सार होते. मात्र ते ढाका विद्यापीठाने दिलेल्या दोन वर्षांच्या रजेवर गेले होते. मागे त्यांची जागा होती आणि परतल्यावर ते तिथेच प्राध्यापक झाले. ओपेनहायमरचेही तसेच. १९२८ मध्ये तो लायडन आणि झुरिचला गेला तेव्हा बर्कली आणि कॅलटेकमधले पद त्याने आधीच स्वीकारले होते, एक वर्ष उशिरा रुजू होण्याची सवलत मागून तो शिकायला गेला. परगावी जाऊन शिकण्याचे जे गोडवे गायले जातात ते खरेच आहेत, पण ते परतीचे तिकीट खिशात असलेल्यांचे आहेत.

आता विरुद्ध बाजूचे बलवान मुद्दे मान्य केले पाहिजेत. पोस्टडॉकची पदे बंदच करा, हे म्हणणे मला टिकणारे वाटत नाही. पीएच.डी.त माणूस एक प्रश्न, एक तंत्र आणि एका मार्गदर्शकाची विचारपद्धती शिकतो. स्वतःची प्रयोगशाळा उभी करायला एवढे पुरत नाही. पदार्थविज्ञानातल्या संशोधकाला सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे अतिशय तीव्र क्ष-किरण देणाऱ्या प्रचंड यंत्रावर, मोजमाप घ्यायला शिकायचे असेल, यंत्र अभियंत्याला जैविक ऊतींकडे वळायचे असेल, तर त्यासाठी जबाबदाऱ्यांपासून मोकळी अशी दोन-तीन वर्षे लागतातच, आणि ती प्राध्यापक झाल्यावर मिळत नाहीत. विद्यार्थी बदलत राहतात, प्राध्यापक बैठकांत अडकतो. क्लीनरूममधले, म्हणजे धूळमुक्त ठेवलेल्या प्रयोगखोलीतले, यंत्र नीट का चालत नाही हे ज्याला ठाऊक आहे आणि नवख्या विद्यार्थ्याला ते दाखवायला ज्याच्याकडे वेळ आहे, असा प्रयोगशाळेतला माणूस बहुधा पोस्टडॉकच असतो. ब्रिटिश संशोधक रोझलिंड फ्रँकलिनने १९४७ ते १९५० या काळात पॅरिसमध्ये क्ष-किरण विवर्तनाचे, म्हणजे क्ष-किरणांवरून पदार्थाची आतली रचना ओळखण्याचे, तंत्र आत्मसात केले नसते, तर लंडनच्या किंग्ज कॉलेजात डीएनएची रचना उलगडायला उपयोगी पडलेली ती छायाचित्रे निघाली असती काय? विषय आणि प्रयोगशाळा बदलण्याची सोय ज्ञानाच्या वाढीला हवी असते. ती काढून टाकली तर तोटा विज्ञानाचाच आहे.

पण फ्रँकलिनचीच कहाणी पुढे नेली तर दुसरी बाजूही दिसते. तीन वर्षांच्या फेलोशिपवर ती जानेवारी १९५१ मध्ये किंग्ज कॉलेजात रुजू झाली. आधी तिने प्रथिनांवर काम करायचे ठरले होते. प्रयोगशाळेचे प्रमुख जॉन रँडल यांनी विषय बदलला आणि तिला पत्राने कळवले की डीएनएच्या क्ष-किरणांचे काम ती आणि तिच्या हाताखालचा विद्यार्थी असे दोघेच पाहतील. हे पत्र त्याच प्रयोगशाळेत डीएनएवर काम करणाऱ्या मॉरिस विल्किन्सना माहीत नव्हते. ते स्वतःला त्या कामाचे कर्ते समजत होते आणि फ्रँकलिनला आपल्या मदतीला आलेली समजत होते. पुढच्या कटुतेचे खापर स्वभावांवर फोडण्याची प्रथा आहे, आणि स्वभावांचा वाटा असेलही. तरी दोन बुद्धिमान माणसांना एकाच जागेचे दोन वेगळे अर्थ सांगितले गेले होते, ही साधी प्रशासकीय चूक मला त्याहून मोठी वाटते. आजही किती नेमणूकपत्रांत लिहिलेले असते की आठवड्यातला किती वेळ स्वतःच्या प्रश्नासाठी आहे, शोधनिबंधावर नावांचा क्रम कसा ठरेल, आणि जाताना या कामाचा कोणता भाग बरोबर नेऊन त्यावर स्वतःचे अनुदान मागता येईल? शेवटचा मुद्दा तर सर्वांत नाजूक. मार्गदर्शकाच्या विषयावर तीन वर्षे घालवलेला माणूस बाहेर पडतो तेव्हा त्याला त्याच विषयात मार्गदर्शकाशी स्पर्धा करावी लागते, आणि त्याच मार्गदर्शकाचे शिफारसपत्रही लागते.

‘ही सुजाण माणसे आहेत, धोका ओळखूनच येतात, कोणी जबरदस्ती केलेली नाही’ हा आक्षेप वरवर पाहता बिनतोड वाटतो. प्रौढ माणसाच्या निवडीचा मान राखलाच पाहिजे. पण निवड जाणतेपणाने झाली असे म्हणायला निवडणाऱ्यापुढे माहिती असावी लागते. अर्ज करणाऱ्याला मार्गदर्शकाचे शोधनिबंध दिसतात, पुरस्कार दिसतात, प्रयोगशाळेच्या पानावर आजची हसरी माणसे दिसतात. चार वर्षे थांबून शेवटी विषय सोडून गेलेला माणूस त्या पानावरून नाहीसा झालेला असतो. मार्गदर्शकाला मात्र तो आठवत असतो. शिवाय दोन वर्षांची मुदत कागदावर जेवढी दिसते तेवढी प्रत्यक्षात नसते. परदेशातून येणाऱ्याचे पहिले काही महिने निवासपरवाना, सुरक्षा प्रशिक्षण, यंत्रांवर काम करण्याच्या परवानग्या आणि नमुने जमवण्यात जातात. प्राध्यापकपदाच्या जाहिराती बऱ्याच ठिकाणी पद सुरू होण्याच्या जवळजवळ वर्षभर आधी निघतात, म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीलाच अर्ज, संशोधन आराखडे आणि मुलाखती सुरू होतात. आणि त्या अर्जात दाखवण्याजोगे काम तोवर छापून आलेले असावे लागते. सलग, निर्वेध संशोधनाला वर्षभराचा काळ मिळाला तरी नशीब म्हणायचे. म्हणून मुदत ‘वाढण्याची शक्यता’ ही जाहिरातीतली तळटीप नसते, सगळे गणितच तिच्यावर उभे असते, आणि ती शक्यता किती खरी आहे हे आधीची माणसे किती काळ राहिली यावरूनच कळते. ज्याचा निवासपरवाना त्या नोकरीशी बांधलेला आहे, त्याच्यासाठी तर ही मुदत घराच्या भाडेकरारासारखी असते. तो मार्गदर्शकाशी वाद घालील काय?

तंत्रज्ञान विद्यापीठात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे, तो मूलभूत विज्ञानाच्या संस्थांत तितका ठळक नसतो. अभियांत्रिकीत पीएच.डी. झालेल्याला उद्योगाचे दार उघडे असते आणि तिथे बहुतेक जागांसाठी पोस्टडॉक लागत नाही. तेव्हा त्याने विद्यापीठात घालवलेले प्रत्येक वर्ष हे उद्योगात न घालवलेले वर्ष असते. डोना गिंथर आणि शुलामित कान या अर्थशास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये जैववैद्यक क्षेत्रातल्या डॉक्टरेटधारकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत असे दिसले की पोस्टडॉक करून नंतर विद्यापीठाबाहेर नोकरी धरणाऱ्यांना, पोस्टडॉक न करता थेट बाहेर गेलेल्यांच्या तुलनेत पुढची अनेक वर्षे कमी कमाई होते. बाहेरच्या मालकाच्या लेखी त्या वर्षांच्या अनुभवाला जादा मोल नसते. हा निष्कर्ष जसाच्या तसा अभियांत्रिकीला लावता येणार नाही. जिथे क्लीनरूममधले कौशल्य थेट चिपच्या कारखान्यात उपयोगी पडते तिथे चित्र निराळे असू शकेल. नेमके म्हणूनच प्रत्येक विभागाने आपापला हिशेब मांडण्याची गरज आहे. सरासरीने कोणाचेच समाधान होत नाही. कित्येक जण असेही असतात की ज्यांना स्वतःचा प्रश्न नको असतो, मोठ्या यंत्रावर चांगल्या चमूबरोबर काम करायचे असते. ती इच्छा सन्माननीय आहे. मात्र मग त्या पदाला संशोधन अभियंता म्हणावे, अभियंत्याचा पगार द्यावा आणि ‘प्रशिक्षण’ हा शब्द काढून टाकावा. प्रशिक्षणाच्या नावाने पगार कमी ठेवायचा आणि कामाच्या वेळी अनुभवी तज्ज्ञ म्हणून राबवायचे, या दोन गोष्टी एकाच माणसाच्या बाबतीत एकाच वेळी खऱ्या कशा असतील? काही देशांत तर शेजारच्या दोन टेबलांवर तेच काम करणाऱ्या दोघांपैकी एक पगारी कर्मचारी असल्याने निवृत्तिवेतन आणि बेकारी विम्यात मोजला जातो, आणि दुसरा विद्यावेतनावर असल्याने मोजला जात नाही.

व्रताच्या युक्तिवादाला १०० वर्षांहून जुने एक उत्तर उपलब्ध आहे. नोव्हेंबर १९१७ मध्ये जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांनी म्युनिकमध्ये विद्यार्थ्यांपुढे विज्ञान या पेशाविषयी व्याख्यान दिले. उदात्त गोष्टींनी सुरुवात होईल असे श्रोत्यांना वाटले असेल, पण वेबर यांनी आरंभच केला तो पैशापासून. जर्मनीतला प्रिव्हाटडोत्सेंट, म्हणजे अध्यापनाची पात्रता मिळवलेला पण पद न मिळालेला विद्वान, विद्यार्थ्यांच्या फीवर गुजराण करतो. म्हणून घरची श्रीमंती नसलेल्याला ही वाट परवडत नाही, आणि पुढे पद मिळणे हा तर निव्वळ नशिबाचा खेळ असतो, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. अमेरिकेतल्या साहाय्यकाला निदान सुरुवातीपासून पगार असतो, अशी तुलनाही केली. त्याच व्याख्यानात वेबर यांनी विज्ञानावरच्या निष्ठेविषयी जे सांगितले ते आजवर आदराने उद्‌धृत होते, आणि व्रताचा पुरस्कार करणारे तेवढाच भाग उचलतात. निष्ठा मागण्यापूर्वी धोक्याचा आकडा सांगायचा असतो, हा क्रम वेबर यांनी पाळला होता. त्यागाला किंमत तेव्हाच असते जेव्हा कशाचा त्याग होतो आहे हे त्यागणाऱ्याला माहीत असते.

मुदतीवर कायद्याने मर्यादा घालावी, हा उपाय वारंवार सुचवला जातो. जर्मनीने तो करून पाहिला. तिथल्या कायद्यानुसार विद्यापीठांत शिक्षण-प्रशिक्षणाच्या कारणाने मुदतीचे करार डॉक्टरेटपूर्वी सहा वर्षे आणि डॉक्टरेटनंतर सहा वर्षे एवढेच करता येतात, वैद्यकशास्त्रात थोडे अधिक. हेतू चांगला होता, करारांची न संपणारी साखळी तोडावी. परंतु कायम पदे वाढली नाहीत, त्यामुळे सहा वर्षांच्या टोकाला पुष्कळांना पुढे रस्ताच उरला नाही. २०२१ मध्ये तिथल्या संशोधन मंत्रालयाची एक जुनी चित्रफीत लोकांच्या नजरेस आली. हान्ना नावाच्या एका काल्पनिक संशोधिकेच्या निमित्ताने कायदा समजावून सांगताना तीत असे सुचवले होते की माणसे बदलत राहिली म्हणजे नवेपणा टिकतो आणि एकाच पिढीने वाट अडवून ठेवली जात नाही. ‘मीच हान्ना’ असे म्हणत हजारो संशोधक आपापले अनुभव सांगू लागले आणि ती चित्रफीत मंत्रालयाला काढून घ्यावी लागली. यातून मुदतमर्यादा वाईट असे मी म्हणणार नाही. मर्यादा ही भिंत आहे, आणि भिंतीत दार ठेवले नाही तर लोक तिच्यावर आपटतात एवढेच. फ्रान्सच्या सीएनआरएसमध्ये, म्हणजे १९३९ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय संशोधन संस्थेत, डॉक्टरेटनंतर काही वर्षांत राष्ट्रीय स्पर्धेतून थेट कायम संशोधकपद मिळण्याची सोय आहे. जागा थोड्या आणि चुरस भयंकर असते, पगारही डोळे दिपवणारा नसतो. तरी निकाल पस्तिशीच्या आसपास लागतो, पंचेचाळिशीत नाही. प्राध्यापक आणि पोस्टडॉक यांच्या मधली, स्वतःचा मोठा गट न चालवता संशोधन करत राहण्याची ही पायरी बहुतेक तंत्रज्ञान विद्यापीठांत नाहीच. गणित साधे आहे: समजा एका प्राध्यापकाने ३० वर्षांत १५ जणांना घडवले, तर त्याच्या निवृत्तीने रिकामी होणारी जागा एकच असते.

वेतनाबाबत प्रतिपक्षाचा मुद्दा असा की पगार वाढवले तर जागा कमी होतील आणि तरुणांचेच नुकसान होईल. हे खरे आहे, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठात नोव्हेंबर २०२२ मध्ये सुमारे ४८,००० शैक्षणिक कामगार संपावर गेले, त्यात पोस्टडॉकही होते, आणि वेतनात भरीव वाढ मिळवूनच ते कामावर परतले. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या सल्लागार गटाने पोस्टडॉकना वर्षाला किमान ७०,००० डॉलर मिळावेत आणि एकूण काळ पाच वर्षांहून अधिक नसावा अशी शिफारस केली. पुढच्या वर्षी त्या संस्थेने आपल्या फेलोशिपची सुरुवातीची रक्कम वाढवून ६१,००८ डॉलरवर नेली. अनुदाने त्या प्रमाणात वाढली नाहीत तर काही जागा जाणारच. पण जी जागा माणसाला पुरता पगार दिल्याबरोबर नाहीशी होते, ती आजवर कोणाच्या खिशातून चालली होती? पाच अंधाऱ्या जागांपेक्षा तीन उजेडातल्या जागा मला बऱ्या वाटतात, आणि ज्या दोघांना नकार मिळेल त्यांना तो तिशीच्या आत मिळेल हे क्रूर वाटले तरी चाळिशीत मिळण्यापेक्षा कमी क्रूर आहे. इथे माझ्याशी असहमत होणारे समंजस लोक आहेत, हे मला ठाऊक आहे.

राहता राहिला माझ्या मुख्य सूचनेवरचा आक्षेप, आणि तो हलका नाही. हिशेब जाहीर करायला लावला की प्रयोगशाळा हिशेबासाठीच चालवल्या जातील; ज्याचे पुढचे पद जवळजवळ ठरलेले आहे असाच उमेदवार घेतला जाईल, जोखमीचा प्रश्न किंवा आडवाटेने आलेला माणूस टाळला जाईल, आणि उद्योगात गेलेल्याला ‘गळालेला’ ठरवले जाईल. निकालाच्या टक्केवारीने शाळांचे काय होते हे आपण पाहिलेलेच आहे. म्हणून या यादीला क्रमांक नसावा, टक्केवारी नसावी, उत्तीर्ण-अनुत्तीर्ण नसावे. उद्योग, शाळा, सरकारी प्रयोगशाळा, स्वतःचा व्यवसाय, सगळ्या नोंदी एकाच रकान्यात सारख्या अक्षरात असाव्यात. विभाग लहान असेल आणि माणसे ओळखू येण्याची भीती असेल तर नावे गाळून पाच-पाच वर्षांच्या गठ्ठ्यांनी माहिती द्यावी. अशक्य म्हणावे तर २०१७ मध्ये अमेरिकेतल्या काही मोठ्या विद्यापीठांनी एकत्र येऊन आपल्या जीवविज्ञानातील पीएच.डी. आणि पोस्टडॉक यांच्या पुढच्या वाटचालीची माहिती खुली करण्याचे ठरवले होतेच, आणि त्यात एमआयटीसारखे तंत्रज्ञान विद्यापीठही होते. त्याने त्यांच्याकडचे अर्ज थांबल्याचे ऐकिवात नाही.

विद्यापीठाच्या परिपत्रकाची वाट न पाहताही हे सुरू करता येते. ज्या मार्गदर्शकाला पुढच्या महिन्यात जाहिरात द्यायची आहे, त्याच्याकडे अशी यादी तयार नसेल. पण गेल्या दहा वर्षांच्या आपल्या शोधनिबंधांवरची नावे काढली तर ती एका संध्याकाळी होते. नावापुढे आल्याचे वर्ष, गेल्याचे वर्ष आणि आज तो माणूस काय करतो हे लिहायचे. दोन-तीन नावांपुढे काय लिहावे हे सुचणार नाही, कारण त्यांच्याशी संपर्कच उरलेला नसेल. तिथे जागा कोरी ठेवावी, आणि जाहिरातीसोबत पाठवताना ती भरून काढू नये.